व्यायाम करताना मजा येते का?



एक साधी गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पी. टी.च्या तासाला मैदानाला चार फेऱ्या मारायला सांगितल्या, की दुसऱ्याच फेरीला कुणाच्या पोटात दुखू लागते, कुणाच्या बुटाची नाडी सुटते, तर कुणाला एकाएकी तहान लागते. तोच वर्ग मधल्या सुट्टीत खो-खो किंवा लगोरी खेळू लागला, की घंटा झाली तरी मैदान सोडायला तयार नसतो. पाय तेच, हृदय तेच, फुप्फुसे तीच आणि डोक्यावरचे ऊनही तेच. मग एका ठिकाणी कंटाळा आणि दुसऱ्या ठिकाणी मजा, हा फरक कशामुळे पडतो?

पुष्कळ मोठी माणसे याचे उत्तर एका शब्दात देतात : आळस. मला ते पटत नाही. मूल खरोखरच आळशी असते, तर ते खो-खोतही पळाले नसते. माझे म्हणणे असे की, व्यायाम करताना वाटणारी मजा किंवा होणारा त्रास ही शरीरात घडणारी एक घटना आहे. तिला कारणे आहेत, तिची नोंद करता येते आणि ती बदलताही येते. म्हणूनच विद्यार्थ्याने किती फेऱ्या मारल्या, याइतकेच लक्ष त्याला त्या मारताना कसे वाटले याकडेही द्यायला हवे.

असे का, ते आता क्रमाने पाहू.

माहिती आहे, सवय नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जाहीर केलेल्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंग चांगले हलेल, श्वास वाढेल अशी हालचाल करावी. प्रत्यक्षात काय होते? १४६ देशांतील शाळकरी मुलांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील २०१६ सालच्या आकड्यांप्रमाणे ११ ते १७ या वयोगटातील ८१ टक्के मुले एवढी हालचाल करीत नव्हती. म्हणजे पाचांतील चार!

या मुलांना व्यायामाचे फायदे ठाऊक नसतील असे थोडेच आहे? शाळेच्या पुस्तकांतून ते शिकवलेले असतात आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येतात. उत्तर अचूक लिहून पूर्ण गुण मिळवणारा विद्यार्थी संध्याकाळी मैदानाकडे फिरकत नाही. तेव्हा फायदे सांगून माणूस व्यायाम करू लागतो, ही समजूत तपासून पाहायला हवी.

डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या काही प्रौढांना त्यांनी मध्यम वेगाने थोडा व्यायाम करायला लावला आणि तो चालू असतानाच ‘आता कसे वाटते?’ असे विचारले. पुढे सहा महिन्यांनी आणि वर्षाने ही माणसे किती हालचाल करतात याची माहिती घेतली. ज्यांना व्यायाम चालू असताना बरे वाटले होते, ती माणसे पुढे अधिक हालचाल करीत होती. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातही दिसले, की मध्यम व्यायाम करताना कसे वाटले यावरून पुढच्या सवयीचा काही अंदाज बांधता येतो; व्यायाम संपल्यावर कसे वाटले यावरून मात्र तो बांधता येत नाही.

हे वाचून थोडे नवल वाटेल. ‘आता त्रास होईल, पण नंतर बघ कसे ताजेतवाने वाटते!’ असे आपल्याला नेहमी सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण घट्ट बूट दिवसभर घालून संध्याकाळी काढले तरी फार बरे वाटते. म्हणून काही आपण दुसऱ्या दिवशी हौसेने पुन्हा घट्ट बूट घालत नाही!

उंदरांना कोणी सांगितले?

प्राण्यांना हालचालीची मुळातच आवड असते का? पिंजऱ्यातला उंदीर चाकात तासन्‌तास पळतो हे तुम्ही चित्रात तरी पाहिले असेल. बिचारा कोंडलेला असल्यामुळे असे करतो, असे अनेकांना वाटे. नेदरलँड्समधील योहाना मायर आणि यूरी रॉबर्स या संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग केला. त्यांनी तसे चाक चक्क उघड्यावर, रानातील उंदरांच्या वाटेवर ठेवले आणि कॅमेरा लावला. रानउंदीर आपणहून येत, चाकात शिरत, पळत आणि निघून जात. सुरुवातीला त्यांना आकर्षित करण्यासाठी जवळ खाद्य ठेवले होते. पुढे ते बंद केले, तरी चाकावरचे पळणे थांबले नाही. काही वेळा बेडूक आणि गोगलगायीही चाकावर आढळल्या! हा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला.

उंदराला आनंद झाला का, हे त्याला विचारता येत नाही. तेव्हा तसा दावा करणे शास्त्राला धरून होणार नाही. पण त्याला कोणी शिट्टी वाजवून पळायला लावले नव्हते आणि पळण्याबद्दल खाऊही दिला नव्हता, एवढे निश्चित. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. तो हवे तेव्हा येत होता, हव्या त्या वेगाने पळत होता आणि हवे तेव्हा थांबत होता. आपल्या चार फेऱ्यांत नेमके हेच नसते.

श्वासाचा उंबरठा

वेगाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी स्नायूंत काय चालते ते पाहू.

तुम्ही सावकाश चालता, तेव्हा स्नायूंना लागणारी बहुतेक सर्व ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने मिळते. वेग वाढत गेला, की ऊर्जेची गरज झपाट्याने वाढते आणि स्नायू ग्लुकोजचे प्राणवायूविना होणारे विघटनही मोठ्या प्रमाणावर वापरू लागतात. अशा वेळी रक्तात लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन साठू लागतात. रक्त जास्त आम्लधर्मी होऊ नये म्हणून रक्तातील बायकार्बोनेट या आयनांना पकडते. या रासायनिक क्रियेतून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास एकदम जोराने चालू लागतो. हाच तो क्षण, जेव्हा आपण ‘धाप लागली’ असे म्हणतो. या सीमेला आपण ‘श्वासाचा उंबरठा’ म्हणू.

पँटेलेइमॉन एक्केकाकिस हे संशोधक अमेरिकेत अनेक वर्षे याच विषयाचा अभ्यास करीत आले आहेत. उंबरठ्याच्या अलीकडे व्यायाम केला तर बहुतेकांना बरे वाटते. उंबरठ्याच्या आसपास माणसामाणसांत फरक पडतो. काहींना मजा येते, काहींना त्रास होतो. उंबरठा बराच ओलांडला, की मात्र जवळजवळ सर्वांनाच वाईट वाटू लागते. आणि थांबल्याबरोबर चटकन बरे वाटते. आता घट्ट बुटांची आठवण झाली का?

त्रास होण्यातही शरीराचा शहाणपणा आहे. उंबरठ्यापलीकडची स्थिती फार वेळ टिकवता येत नाही. म्हणून मेंदूला ‘वेग कमी करा’ असा संदेश मिळतो. ही सूचना आहे. तिला आळस म्हणणे म्हणजे तापमापीतील पारा चढला म्हणून तापमापीलाच रागावण्यासारखे आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की हा उंबरठा प्रत्येकाचा वेगळा असतो. रोज तीन किलोमीटर चालत शाळेत येणारी मुलगी ज्या वेगाने हसत पळते, त्याच वेगाला नुकताच आजारातून उठलेला मुलगा उंबरठ्याच्या पार पलीकडे गेलेला असतो. वजन जास्त असलेल्या मुलाचेही तेच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांना आधी स्वतःच्या आवडीच्या वेगाने चालू दिले आणि नंतर तो वेग फक्त १० टक्क्यांनी वाढवून दिला. वजन जास्त असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तेवढ्यानेही चालण्यातील सुख घटत गेले. अवघे दहा टक्के! मग सगळ्या वर्गाला एका शिट्टीवर एका वेगाने पळवले, तर काय होत असेल? चाळीस मुलांना एकाच मापाचे बूट वाटल्यासारखेच ते नाही का?

खो-खोतील विज्ञान

आता खो-खोचे कोडे सुटू लागेल. पाठलाग करणारा खेळाडू काही सेकंद जीव तोडून पळतो आणि ‘खो’ देऊन खाली बसतो. तेवढ्यात श्वास थोडा ताळ्यावर येतो. मग त्याला पुन्हा ‘खो’ मिळतो. म्हणजे उंबरठा ओलांडला जातो, पण क्षणभर. लगेच विश्रांतीही मिळते. त्याखेरीज डोळे समोरच्या गड्यावर, मन डावपेचात आणि कान ‘खो’कडे. धाप लागली आहे हे मोजत बसायला मन रिकामे नसते.

तालाचाही असाच उपयोग होतो. १९११ साली लिओनार्ड एअर्स यांनी न्यूयॉर्क येथील सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीतील वेगांची नोंद प्रसिद्ध केली. बँड वाजत असताना स्वारांचा सरासरी वेग ताशी सुमारे ३१.५ किलोमीटर होता. बँड थांबला असताना तो सुमारे २८.८ किलोमीटर होता. आपल्याकडील लेझीम आठवा. हलगीच्या ठेक्यावर अर्धा तास वाकणे, उठणे, बसणे चालते. तेवढ्याच बैठका मोजून काढायला सांगितल्या, तर किती जण काढतील? झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या मुलींनाही हे सांगायला नको. मात्र ताल आणि संगीत यांची मदत मुख्यतः उंबरठ्याच्या अलीकडे होते. पलीकडे गेल्यावर शरीराची तक्रार इतकी मोठी होते, की बँडकडे फारसे लक्षच जात नाही.

रक्तातला ‘आनंद’

काही पळणारे सांगतात, की बराच वेळ पळल्यावर एक निराळीच तंद्री लागते. याचे श्रेय बरीच वर्षे एंडॉर्फिन या द्रव्यांना दिले गेले. परंतु रक्तातील एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरू शकत नाही. अलीकडे दुसऱ्या एका द्रव्याकडे लक्ष वळले आहे. १९९२ साली इस्राएलमधील राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत ते मेंदूतून वेगळे काढले गेले आणि त्याला नाव दिले ‘आनंदामाइड’. यातला ‘आनंद’ आपलाच, संस्कृतातला! २०१२ सालच्या एका प्रयोगात माणूस आणि कुत्रा यांच्या रक्तात पळण्याने हे द्रव्य वाढले. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात मात्र वाढले नाही. २०२१ साली जर्मनीत केलेल्या प्रयोगात एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारे औषध दिल्यावरही पळणाऱ्यांना ती तंद्री जाणवली.

ही माहिती रंजक आहे. पण ‘पळत राहा, म्हणजे आनंदामाइड येईल’ असे म्हणून आपण मुलांना चार फेऱ्या मारायला लावू नये. ही तंद्री सर्वांना लागत नाही आणि सहसा बऱ्याच वेळानंतर लागते. ज्याला दुसऱ्याच मिनिटाला धाप लागते, तो तिथवर पोचणारच कसा?

टाकीचे घाव

आता एखादे शिक्षक म्हणतील, “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मुलांना कष्टाची सवय नको का?” हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

स्पर्धेत उतरणारा धावपटू उंबरठा ओलांडून सराव करतो, आणि त्याला तो करावाच लागतो. पण तो मार्ग त्याने स्वतः निवडलेला असतो. त्याचे शरीर महिनोन्‌महिने तयार झालेले असते. आणि चांगले प्रशिक्षक त्यालाही रोज तसे पळवत नाहीत. बरेचसे पळणे सावकाशच असते. शिवाय नियमित व्यायामाने उंबरठा स्वतःच वर सरकतो. आज ज्या वेगाला धाप लागते, तोच वेग काही आठवड्यांनी सुखाचा वाटू लागतो. म्हणजे सुखाने सुरुवात केलेला विद्यार्थीही कष्टापर्यंत पोचतो. पण पहिल्याच दिवशी हबकलेला विद्यार्थी मात्र घरी बसतो. टाकीचे घाव खरेच, पण दगडाची जात पाहून घालायचे असतात.

या घरी बसण्याचा परिणाम किती दूरवर जात असेल? २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजाराहून अधिक प्रौढांना शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासाच्या आठवणी विचारल्या. ज्यांच्या आठवणी कडू होत्या, त्यांचा मोठेपणीही व्यायामाकडे पाहण्याचा कल नापसंतीचा होता. आठवण आणि सवय यांचा संबंध दिसला म्हणून एक दुसऱ्याचे कारण आहे असे सिद्ध होत नाही, हे तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून ध्यानात ठेवा. तरीही शाळेने विचारात पडावे एवढा हा संबंध नक्कीच आहे.

आणि म्हणूनच एक प्रथा मला अगदी चुकीची वाटते. गृहपाठ केला नाही, काढा उठाबशा; वर्गात बोलला, मारा मैदानाला फेरी! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली आहे, हे तर झालेच. पण विज्ञानाच्या दृष्टीनेही पाहा. वही न आणल्याबद्दल एखाद्याला गाणे म्हणायची शिक्षा रोज दिली, तर त्याला गाणे आवडेल का? सकाळी जी उठाबस शिक्षा असते, ती दुपारच्या तासाला आरोग्याचे साधन कशी होणार?

एक प्रयोग करून पाहा

यासाठी उपकरण काहीच नको. घड्याळ, वही आणि पेन्सिल पुरे. (दमा, हृदयविकार किंवा इतर काही त्रास असेल, तर आधी घरच्यांना व डॉक्टरांना विचारा. कडक उन्हात हा प्रयोग करू नका.)

वहीत उणे ५ ते अधिक ५ अशी रेघ आखा. अधिक ५ म्हणजे फार छान वाटते, शून्य म्हणजे काहीच विशेष नाही, उणे ५ म्हणजे फार वाईट वाटते. व्यायामाच्या अभ्यासात अशी मोजपट्टी १९८९ पासून वापरात आहे. आता तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच वेळी व एकाच जागी, बारा-बारा मिनिटे चाला किंवा पळा. पहिल्या दिवशी आपल्या आवडीच्या वेगाने. दुसऱ्या दिवशी त्याहून जरा जास्त वेगाने. तिसऱ्या दिवशी सुरुवातीला दोन मिनिटे अंग मोकळे करून मग वेग वाढवा आणि पुढे हळूहळू कमी करत न्या. मित्राने दर दोन मिनिटांनी “किती?” असे विचारावे आणि तुमचा आकडा लिहावा. त्याच वेळी तेराचा पाढा मोठ्याने म्हणून पाहा. पाढा सरळ म्हणता येत असेल, तर तुम्ही बहुधा उंबरठ्याच्या अलीकडे आहात. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर पलीकडे गेलात. (पाढाच येत नसेल, तर तो दोष व्यायामाचा नव्हे!)

तीन दिवसांचे तीन आलेख एकाच कागदावर काढा. तिसऱ्या दिवसाचा आलेख विशेष पाहा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांनी पंधरा मिनिटे सायकल मारली. एका गटाचा जोर वाढत गेला, दुसऱ्याचा कमी होत गेला. एकूण श्रम सारखेच. जोर कमी होत गेलेल्यांना तो व्यायाम अधिक सुखाचा वाटला, आणि नंतर आठवतानाही सुखाचा वाटला. तुमच्या वर्गात तसेच येते का? वेगळे आले, तर ते लपवू नका. का आले याचा विचार करा.

एक सूचना. पहिल्या दोन-तीन मिनिटांच्या आकड्यांवरून निकाल देऊ नका. २०११ साली कॅनडातील संशोधकांना असे आढळले, की व्यायाम किती आवडेल याचा अंदाज माणसे कमी बांधतात. कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सुरुवातीची कंटाळवाणी मिनिटेच असतात. प्रत्यक्षात अंदाजापेक्षा जास्त मजा येते.

शिक्षकांना विनंती

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना माझी विनंती अशी, की आठवड्यातून एक तास तरी प्रत्येकाला आपापल्या वेगाने पळू द्या. फेऱ्या मोजण्याऐवजी वेळ मोजा : दहा मिनिटांत कोणी सहा फेऱ्या मारील, कोणी तीन. तासाचा शेवट जीव तोडून पळण्याने करू नका; शेवटची पाच मिनिटे सैल खेळाला द्या. आणि गणिताचा अभ्यासक्रम राहिला म्हणून दहावीचा मैदानाचा तास कोणी मागितला, तर तो कृपया देऊ नका.

आणि मित्रहो, तुम्हीही एवढे करा. कुणी मागे पडला तर त्याला हसू नका. त्याचा उंबरठा तुमच्याहून जवळ आहे, इतकेच. खो-खो आवडत नसेल तर पोहून पाहा, दोरीवरच्या उड्या मारा, सूर्यनमस्कार घाला, सायकल घेऊन गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जा. महिनाभर आकडे लिहीत राहा. ज्या व्यायामाचे आकडे शून्याच्या वर राहतील, तो तुमचा व्यायाम समजा आणि तो शाळा सुटल्यावरही सोडू नका.